परदेशी वकिलातीचं काम पुण्यातून कसं करायचं

पुण्यातल्या घरांना परदेशी वकिलातीचं काम पडतं ते बहुधा घाईतच. मुलाची जर्मनीतली ॲडमिशन पक्की होते, लेकीच्या बाळंतपणासाठी आईला अमेरिकेत जायचं असतं, नाहीतर नव्या नोकरीसाठी दुबईची कंपनी डिग्री 'अटेस्ट' करून मागते. मग शेजारी, ऑफिसातले सहकारी, सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप असं सगळीकडून सल्ले यायला लागतात. त्यातले निम्मे दुसऱ्याच देशाचे किंवा पाच वर्षांपूर्वीचे असतात. आमच्या घरची आणि नात्यातली अशी बरीच कामं मी केली आहेत. पहिल्यांदाच या वाटेला लागणाऱ्यांसाठी ती इथे क्रमाने लिहिते आहे.

१. आधी योग्य दार शोधा

बहुतेक गोंधळ इथेच होतो. 'एम्बसीत जायचंय' असं आपण म्हणतो, पण त्या एका शब्दात चार वेगवेगळ्या जागा येतात.

पहिली जागा म्हणजे दूतावास, अर्थात एम्बसी. तो देशाच्या राजधानीत असतो, म्हणजे आपल्याकडे नवी दिल्लीत. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया हे राष्ट्रकुलातले देश त्यालाच हाय कमिशन म्हणतात. पुणेकराला तिथे जायची वेळ क्वचित येते.

दुसरी म्हणजे कॉन्सुलेट. मराठीत आपण सरसकट 'वकिलात' म्हणतो तेव्हा बहुधा हीच डोळ्यासमोर असते. महाराष्ट्राची कामं बहुतेक देशांच्या मुंबईतल्या कॉन्सुलेटकडे असतात. अमेरिकेची वकिलात २०११ पासून वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत आहे. जुनी माणसं अजून 'ब्रीच कँडीला' म्हणतात, त्यांच्या भरवशावर टॅक्सी करू नका. ब्रिटनचं डेप्युटी हाय कमिशन आणि फ्रान्सची कॉन्सुलेटही बीकेसीतच आहे. जर्मनीची नरिमन पॉइंटला आहे, जपानची कंबाला हिलला.

तिसरी जागा म्हणजे व्हिसा अर्ज केंद्र. हे वकिलातीने नेमलेल्या खासगी कंपनीचं असतं आणि व्हीएफएस हे त्यातलं सगळ्यांत ओळखीचं नाव. जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन अशा बऱ्याच देशांचे अर्ज पुण्यातल्या केंद्रातच घेतले जातात, त्यामुळे मुंबईची फेरी वाचते. हे केंद्र कागद गोळा करतं, बोटांचे ठसे घेतं, फी घेतं आणि सगळं वकिलातीकडे पाठवतं. व्हिसा द्यायचा की नाही हे ठरवणं त्याच्या हातात अजिबात नसतं. काउंटरवरच्या मुलीला 'मिळेल ना हो?' असं विचारून काही उपयोग नाही.

चौथी जागा सांस्कृतिक केंद्राची. बोट क्लब रोडवरचं मॅक्स म्यूलर भवन किंवा एरंडवण्यातली आलियाँस फ्राँसेज या संस्था त्यांच्या देशाच्या भाषेसाठी आणि संस्कृतीसाठी आहेत. तिथे व्हिसाचे अर्ज घेत नाहीत, पण व्हिसाला लागणारी भाषेची परीक्षा तिथे होते. त्यामुळे तेही दार तुमच्या वाटेवर येऊ शकतं.

याशिवाय काही देशांचे मानद कॉन्सुल पुण्यासारख्या शहरांत असतात. त्यांचे अधिकार मर्यादित असतात, त्यामुळे व्हिसासाठी त्यांच्याकडे धाव घेऊ नका.

कोणतंही काम निघालं की त्या देशाच्या मुंबई कॉन्सुलेटची अधिकृत साइट उघडा आणि तिथूनच दुव्यावर दुवा धरत पुढे जा. गुगलवर वर दिसणारी पहिली साइट पुष्कळदा एजंटची जाहिरात असते. तिचा रंग, झेंडा, नाव सगळं अधिकृत वाटावं असंच केलेलं असतं.

२. कोणत्या देशाकडे अर्ज करायचा ते ठरवा

युरोपच्या सहलीला हा प्रश्न हटकून येतो. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा, एकच असला तरी अर्ज एका विशिष्ट देशाकडेच करावा लागतो. ज्या देशात तुमचे सर्वांत जास्त दिवस जाणार, तो देश. दिवस सारखे असतील तर जिथून पहिला प्रवेश करणार, तो. 'अमक्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते' म्हणून तिकडे अर्ज करून प्रत्यक्षात मुक्काम दुसरीकडेच करायचा, असा सल्ला सर्रास मिळतो. ऐकू नका. हॉटेलची बुकिंगं आणि अर्ज जुळले नाहीत की नकार येतो, आणि तो नकार त्यांच्या सामाईक नोंदीत पाच वर्षं राहतो.

अर्ज प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त ६ महिने आणि कमीत कमी १५ दिवस करता येतो. पण १५ दिवसांवर विसंबू नका. मे महिन्याच्या सुट्टीत जायचं असेल तर फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट बघायला लागा. एप्रिलमध्ये सगळं पुणं त्याच रांगेत असतं.

३. नाव: सगळ्यांत मोठा खड्डा

या पायरीवर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण आपल्या मराठी नावांची रचना परदेशी फॉर्मांत नीट बसत नाही आणि मग कागद एकमेकांशी बोलत नाहीत.

दहावीच्या बोर्डाची गुणपत्रिका काढून बघा. तिथे आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं: 'कुलकर्णी अमेय विजय'. पासपोर्टवर 'सरनेम'च्या रकान्यात कुलकर्णी आणि 'गिव्हन नेम'मध्ये अमेय विजय, किंवा नुसतंच अमेय. आधारवर अमेय विजय कुलकर्णी. बँकेत अमेय व्ही कुलकर्णी. आपल्याला ही चारही नावं एकाच मुलाची वाटतात, पण तिकडच्या अधिकाऱ्याला हीच चार माणसं वाटू शकतात.

लग्नानंतर बायकांची नावं बदलतात तिथे तर हा गुंता दुप्पट होतो. डिग्री माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या, मधलं नाव आधी वडिलांचं आणि नंतर नवऱ्याचं, काही घरांत पहिलं नावसुद्धा बदललेलं. त्यात इंग्रजी स्पेलिंग: एका कागदावर शेवटी 'ई', दुसऱ्यावर 'आय'.

उपाय असा करा:

- पासपोर्ट हा पाया माना. फॉर्म, तिकीट, विमा, हॉटेल, सगळीकडे पासपोर्टवर अक्षरन् अक्षर जसं आहे तसंच नाव. मधलं नाव गिव्हन नेममध्ये असेल तर तिकिटावरही ते गिव्हन नेमसोबतच हवं.
- लग्नाचा नोंदणी दाखला महापालिकेकडून काढलेला हवा. कार्यालयाची पावती, भटजींचं पत्र किंवा पत्रिका चालत नाही.
- नाव राजपत्रात बदललं असेल तर त्या राजपत्राची प्रत फाइलमध्ये कायमची ठेवा.
- स्पेलिंगचा फरक किरकोळ असला तरी 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ठेवा. प्रत्येक देश ते मान्य करतोच असं नाही, पण जवळ असलेलं बरं.
- पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या. अमेरिकेच्या व्हिसावर अशा माणसाच्या नावाच्या जागी 'एफएनयू' ('फर्स्ट नेम अननोन') अशी अक्षरं छापली जातात आणि पुढे बँकेपासून लायसन्सपर्यंत ती पाठ सोडत नाहीत.
- अर्ज चालू असताना मध्येच पासपोर्टमध्ये नाव बदलायला जाऊ नका.

जुन्या जन्मदाखल्यांत बाळाचं नावच नसतं, नुसतं 'पुरुष' किंवा 'स्त्री' आणि आईवडिलांची नावं असतात. ज्या महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जन्म नोंदला आहे तिथे नाव चढवून घ्यावं लागतं. आजोळी जन्म झाला असेल तर दाखला आजोळच्या गावी मिळतो, पुण्यात नाही. यात आठवडे जातात, म्हणून सुरुवात इथून करा.

पुण्यातलं पासपोर्टचं काम मुख्यतः दोन ठिकाणी चालतं: पासपोर्ट सेवा केंद्र मुंढव्याला आणि प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय बाणेर-पाषाण लिंक रोडला. अपॉइंटमेंट कुठली आहे ते वाचून मगच घरून निघा.

४. कागद प्रमाणित करणं: अपोस्टिल की अटेस्टेशन?

शिक्षण, नोकरी किंवा कुटुंबाला नेण्यासाठीचे कागद बहुतेक देश नुसत्या झेरॉक्सवर घेत नाहीत. इथे दोन वाटा फुटतात.

अपोस्टिल करार मानणाऱ्या देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचा एक स्टिकर पुरतो. १९६१ सालचा हा हेग करार भारताला २००५ पासून लागू आहे. फ्रान्स, इटली, जपान, अमेरिका या यादीत आहेत. सौदी अरेबिया २०२२ च्या अखेरीस आला, कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये. एजंटाने तुम्हाला कॅनडा किंवा सौदीसाठी 'एम्बसीचा शिक्का' विकायला घेतला तर हे लक्षात असू द्या.

संयुक्त अरब अमिराती, म्हणजे आपल्या बोलण्यातलं 'दुबई', तसंच कतार आणि कुवेत या करारात नाहीत. तिथे परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर त्या देशाच्या वकिलातीचाही शिक्का लागतो. अटेस्टेशनची ही साखळी लांबते, खर्चही वाढतो.

जर्मनीचा प्रकार निराळा आहे. जर्मनी करारात आहे, पण भारताच्या प्रवेशाला तिने हरकत घेतली होती, त्यामुळे दोघांमध्ये अपोस्टिल चालत नाही. जर्मन कार्यालयाला तुमच्या दाखल्याची खातरी हवी असेल तर ते मुंबईच्या जर्मन वकिलातीमार्फत त्याची पडताळणी करून घेतात. त्या पडताळणीला महिने लागू शकतात. 'जर्मनीसाठी अपोस्टिल करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी, तिकडच्या कार्यालयाने नेमकं काय मागितलं आहे ते पुन्हा वाचा.

कोणत्याही वाटेने गेलात तरी परराष्ट्र मंत्रालय थेट तुमचा कागद घेत नाही. आधी राज्य शासनाची मोहर लागते. शैक्षणिक कागदांसाठी ती शिक्षण खात्याच्या बाजूने होते आणि बहुधा त्याआधी विद्यापीठाकडून पडताळणी करावी लागते. जन्म-लग्नाच्या दाखल्यांना गृह किंवा सामान्य प्रशासनाच्या बाजूने मोहर लागते. त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाने नेमलेल्या एजन्सीमार्फत कागद पुढे जातो. अपोस्टिलची सरकारी फी दर कागदाला ५० रुपये आहे. एजंट सांगतो त्यातला उरलेला सगळा आकडा सेवेचा असतो, म्हणून चार ठिकाणी विचारा. काही बोर्डांचे आणि विद्यापीठांचे कागद 'ई-सनद' या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइनही होतात. तुमची संस्था त्यात आहे का, ते आधी बघा.

आणि लॅमिनेशन! आपल्या घरांत दहावीची गुणपत्रिका आली की तिला प्लॅस्टिकमध्ये घालायची पद्धत होती. अशा कागदाच्या मागे ना शिक्का बसतो ना स्टिकर. लॅमिनेशन सोलायला जाल तर शाईही निघून येते. सरळ बोर्डाकडे किंवा विद्यापीठाकडे दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज करा.

पोलिसांच्या दाखल्यातही असाच घोटाळा होतो. पोलीस आयुक्तालय देतं ते चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र आणि पासपोर्ट कार्यालय देतं ते पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे पीसीसी. परदेशाला बहुतेक वेळा दुसरं हवं असतं आणि त्याचा अर्ज पासपोर्ट सेवेच्या साइटवर होतो.

५. अपॉइंटमेंट आणि फी

अपॉइंटमेंट स्वतः घ्या. खातं स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइल नंबरवर उघडा. एजंटाने त्याच्या ईमेलवर खातं उघडलं की पुढचा प्रत्येक निरोप त्याच्याकडे जातो आणि तुम्ही त्याच्या दाराशी बसता.

शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आहे, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना माफ. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाच्या अर्जाची फी १८५ डॉलर. केंद्राचा सेवा आकार वेगळा. एसएमएस, कुरिअर, फॉर्म भरून देणं, खास बसायची खोली या सगळ्या ऐच्छिक सेवा आहेत. त्या नको म्हटल्याने व्हिसावर काडीचाही परिणाम होत नाही. वयस्कर माणसं एकटी गेली की भिडेपोटी 'हो' म्हणतात, म्हणून त्यांना हे घरूनच समजावून पाठवा.

अमेरिकेसाठी दोन अपॉइंटमेंट असतात: एक ठसे आणि फोटोसाठी अर्ज केंद्रात, दुसरी मुलाखतीसाठी वकिलातीत. दोन्हींसाठी पुणेकराला मुंबईच गाठावी लागते. डीएस-१६०, म्हणजे अमेरिकेच्या व्हिसाच्या ऑनलाइन फॉर्मच्या पुष्टिपत्रावरचा क्रमांक आणि अपॉइंटमेंट घेताना दिलेला क्रमांक एकच हवा. फॉर्म पुन्हा भरला तर अपॉइंटमेंटच्या खात्यातही नवा क्रमांक टाका.

वकिलाती भारतीय सुट्ट्यांना बंद असतात आणि स्वतःच्या देशाच्या सुट्ट्यांनाही. ४ जुलैला अमेरिकन, १४ जुलैला फ्रेंच, ३ ऑक्टोबरला जर्मन. तारीख ठरवताना त्यांचं कॅलेंडर उघडून बघा.

६. फाइल लावा

देशागणिक यादी बदलते, पण पुण्यातल्या नोकरदार कुटुंबाच्या पर्यटक व्हिसासाठी साधारण एवढं लागतं:

- पासपोर्ट, जुने पासपोर्टसुद्धा. शेंगेनसाठी तो गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीनंतर ३ महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला.
- फोटो. शेंगेनला ३५ बाय ४५ मिलिमीटर, अमेरिकेला २ बाय २ इंच, चष्मा काढून. फोटोग्राफरला बजावून सांगा की चेहरा उजळ करू नका, डाग पुसू नका.
- बँकेचा शिक्का असलेलं स्टेटमेंट, आयकर विवरणं, पगाराच्या पावत्या.
- कंपनीचं रजा मंजूर केल्याचं पत्र. धंदा असेल तर नोंदणीचे कागद.
- तिकिटाचं आरक्षण, मुक्कामाचा पुरावा आणि दिवसवार आखणी.
- प्रवास विमा. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचं संरक्षण.

बँकेत आयत्या वेळी मोठी रक्कम भरून शिल्लक फुगवू नका, अधिकाऱ्याला ती लगेच दिसते. एफडी मोडून पैसे आणले असतील तर त्याची पावती जोडा. शेती असेल तर सातबारा उपयोगी पडतो, पण तो मराठीत असतो, त्यामुळे इंग्रजी भाषांतर करून, त्यावर भाषांतरकाराची सही-शिक्का घेऊन मगच जोडा. निवृत्तांनी पेन्शनचा आदेश आणि पेन्शन जमा होणारं स्टेटमेंट द्यावं.

जर्मनीतल्या मुलाकडे आईवडील जाणार असतील आणि खर्च मुलगा करणार असेल, तर त्याने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून खर्चाची जबाबदारी घेतल्याचं अधिकृत पत्र काढायचं असतं. त्याची मूळ प्रत इथे लागते, व्हॉट्सॲपवर आलेला फोटो चालत नाही. ती कुरिअरने यायला लागणारे दिवस हिशेबात धरा.

जर्मनीत शिकायला जाणाऱ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदांच्या पडताळणीचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे आणि ते व्हिसाच्या आधीच काढावं लागतं. सोबत ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे तिथल्या राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं, ज्यात वर्षाला ११,९०४ युरो भरावे लागतात. फ्रान्सला शिकायला जायचं तर आधी कॅम्पस फ्रान्स या तिथल्या सरकारी विद्यार्थी संस्थेची प्रक्रिया आणि मुलाखत. नवरा किंवा बायको जर्मनीत असेल आणि दुसऱ्याला तिकडे जायचं असेल, तर बहुतेकांना ए१ या पहिल्या पातळीची जर्मन परीक्षा द्यावी लागते. मॅक्स म्यूलर भवनातल्या परीक्षेच्या जागा पटापट भरतात, म्हणून लग्नाची तारीख ठरली की हॉलच्या बुकिंगबरोबरच परीक्षेचंही बघा.

७. मुंबईला जायचं असेल तर

सकाळी नऊच्या आतली वेळ असेल तर आदल्या रात्री मुंबईतच मुक्काम करा. पहाटे गाडी काढून निघायचा बेत कागदावर छान दिसतो, पण खंडाळ्याच्या घाटात एक कंटेनर आडवा झाला की तुमची अपॉइंटमेंट गेली. पावसाळ्यात घाटात दरड आली की रेल्वेचंही तेच होतं.

दुपारची वेळ असेल तर डेक्कन क्वीन सोयीची आहे. ती सव्वासातला पुण्याहून सुटते आणि दादरला थांबून साडेदहाच्या सुमाराला सीएसएमटीला पोहोचते. शिवनेरीने दादरला उतरलात तरी हरकत नाही. मुंबई मेट्रोची तिसरी मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण धावते. दादरहून उत्तरेला बीकेसी स्थानक, दक्षिणेला नरिमन पॉइंटसाठी विधान भवन. दक्षिण मुंबईत रिक्षा चालत नाही, टॅक्सीच करावी लागते.

अमेरिकन वकिलातीत मोबाइल, स्मार्टवॉच, बॅग काहीही आत नेता येत नाही. पारदर्शक फोल्डरमध्ये कागद, बस. मोबाइल सोबतच्या माणसाकडे किंवा हॉटेलवर ठेवा. सोबतच्या माणसाला आत सोडत नाहीत, तेव्हा बाहेर कुठे भेटायचं ते आधी ठरवा, कारण फोन करता येणार नाही.

८. काउंटरवर आणि मुलाखतीत

ठसे द्यायच्या आधीच्या आठवड्यात बोटांच्या टोकांना मेंदी लावू नका. लग्नसराईत हे फार होतं. भाजी चिरताना कापलेलं बोटही अडवतं. वयस्करांची बोटं झिजलेली असतात, त्यांचे ठसे पुन्हा पुन्हा घेतात. घाबरायचं कारण नाही. शेंगेनचे ठसे एकदा दिले की ५९ महिने चालतात.

अर्ज केंद्रात शेवटी एक यादी सहीसाठी पुढे येते. त्यात कोणते कागद दिले आणि कोणते दिले नाहीत याच्या खुणा असतात. ती शांतपणे वाचा. कागद दिलेला असूनही 'नाही'वर खूण असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या. मागे रांग आहे म्हणून सही ठोकू नका.

मुलाखतीत विचारलं तेवढंच सांगा आणि खरं सांगा. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत मराठीतून मुलाखत देता येते. आई-बाबांना तोडकंमोडकं इंग्रजी पाठ करायला लावण्यापेक्षा 'मराठीत बोलायचं आहे' एवढं सांगायला शिकवा. आपल्या भाषेत माणूस सरळ उत्तर देतो. मुलगा काय करतो, कुठे राहतो, किती दिवस जाणार, खर्च कोण करणार, इथे मागे कोण आहे, हे त्यांना स्वतःला माहीत असायला हवं. बाळंतपणाला मदत करायला जाताय तर तसंच सांगा.

खोटा कागद कधीच लावू नका. खोटं स्टेटमेंट किंवा बनावट अनुभवपत्र सापडलं की अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. एजंटाने परस्पर लावलं असलं तरी सही तुमची असते.

९. पासपोर्ट परत आल्यावर

पाकीट उघडलं की तिथेच नाव, पासपोर्ट क्रमांक, वैधतेच्या तारखा, किती वेळा प्रवेश आणि किती दिवस मुक्काम हे तपासा. शेंगेनवर वैधतेचा काळ आणि मुक्कामाचे दिवस वेगळे असतात. वर्षभराचा व्हिसा मिळाला तरी कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून जास्त राहता येत नाही.

नकार आला तर सोबतच्या पत्रात कारणावर खूण असते. ते कारण दूर झाल्याशिवाय पुन्हा अर्ज करणं म्हणजे फी वाया घालवणं. जर्मनीने १ जुलै २०२५ पासून फेरविचाराच्या अर्जाची सोय बंद केली आहे, त्यामुळे तिथे आता नवा अर्ज किंवा कोर्ट एवढेच मार्ग उरले.

१०. घरात परदेशी पासपोर्टचं माणूस असेल तर

अमेरिकेत जन्मलेली नातवंडं सुट्टीत पुण्याला येतात आणि पासपोर्ट हरवतो. अशा वेळी आधी पोलिसांत तक्रार, मग त्यांच्या वकिलातीच्या नागरिक सेवा विभागाकडे तातडीचा पासपोर्ट. हरवलेल्या पासपोर्टवर भारताचा व्हिसा होता, म्हणून देश सोडायला परदेशी नागरिकांच्या नोंदणीसाठीच्या 'ई-एफआरआरओ' या सरकारी पोर्टलवरून निर्गमन परवानाही काढावा लागतो. नुसता नवा पासपोर्ट घेऊन विमानतळावर गेलं तर अडवतात.

परदेशी नागरिकाशी पुण्यात विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं असेल तर ३० दिवसांची नोटीस असते आणि विवाह नोंदणी कार्यालय त्या नागरिकाच्या वकिलातीकडून अविवाहित असल्याचा, लग्नाला अडथळा नसल्याचा दाखला मागतं. तो दाखला आधी मिळवा, मग हॉल ठरवा.

११. कार्यक्रमांना जरूर जा

वकिलातीची ओळख फक्त काउंटरच्या काचेतून होऊ नये असं मला मनापासून वाटतं. पुण्यात त्या देशांचा दुसरा चेहरा रोज बघायला मिळतो आणि त्याला व्हिसा लागत नाही.

मॅक्स म्यूलर भवन आणि आलियाँसमध्ये सिनेमे, मैफली, प्रदर्शनं, व्याख्यानं होत असतात. त्यातली पुष्कळशी विनामूल्य आणि सर्वांसाठी खुली असतात. फक्त साइटवर किंवा सोशल मीडियावर नोंदणी मागितली आहे का ते बघा, ओळखपत्र जवळ ठेवा आणि जरा लवकर पोहोचा. जागा भरली की दार बंद होतं. लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात परदेशी चित्रपट महोत्सव भरतात, आणि जानेवारीच्या सुमाराला 'पिफ', म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतोच. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी तिथे माफक फीत शिकता येतं. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान हे पुणे-ओकायामा मैत्रीचं उद्यान आहे, ओकायामाच्या कोराकुएनच्या धर्तीवर केलेलं. तिथला पूल आणि पाणी बघताना जपान किती जवळ आला आहे ते कळतं.

दोन गोष्टी पाळा. राष्ट्रीय दिनाचे स्वागत समारंभ निमंत्रितांसाठी असतात, तिथे ओळखीने घुसायचा प्रयत्न करू नका. आणि मैफलीला आलेल्या वकिलातीच्या माणसाला गाठून आपली व्हिसाची फाइल सांगत बसू नका. ते उत्तर देऊ शकत नाहीत आणि संध्याकाळ दोघांचीही बिघडते. शिक्षणाविषयीच्या प्रश्नांसाठी त्या देशांचे शिक्षण मेळावे भरतात, तिथे विद्यापीठांची माणसं बसलेली असतात. प्रश्न लिहून न्या आणि थेट विचारा.

मुलांना बरोबर न्या. आठवी-नववीतल्या मुलाने जपानीचे वर्ग सुरू केले तर बारावीपर्यंत जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या खालच्या पातळ्या सहज होतात. ही परीक्षा पुण्यातच जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते आणि तिचे अर्ज काही महिने आधीच भरून घेतात, तेव्हा त्या तारखांवर आत्ताच खूण करून ठेवा.